‘बहुजनहिताय’ आणि सुखाची बेरीज

‘बहुजनहिताय, बहुजनसुखाय’ हे शब्द ठाऊक नाहीत असा मराठी माणूस विरळा. एस.टी. महामंडळाचे ते ब्रीद आहे, आकाशवाणीचेही आहे. मुळात मात्र हे शब्द विनयपिटकातील महावग्गाचे. वाराणसीजवळ इसिपतन मृगदायात धम्मचक्रप्रवर्तन झाले आणि काही काळातच साठ अर्हत तयार झाले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना लोकांत हिंडून धम्म सांगण्याची आज्ञा केली. दोघांनी एकाच वाटेने जाऊ नये असेही बजावले. ही चारिका कशासाठी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे दोन शब्द तेथे आले आहेत.

या शब्दांचा अर्थ सांगताना ‘जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख’ हा पर्याय आपल्याकडे सहजपणे दिला जातो. पाश्चात्त्य नीतिशास्त्रातील उपयुक्ततावादाचे हेच सूत्र असल्यामुळे, बेंथॅमने अठराव्या शतकात जे सांगितले ते भगवान बुद्धांनी दोन हजार वर्षे आधी सांगून ठेवले होते, असे म्हणण्याचा मोहही होतो. प्रस्तुत लेखकानेही वर्गात अनेक वर्षे हेच सांगितले. काही वर्षांपूर्वी वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या वेळी हाच अर्थ सांगून झाल्यावर एक वयस्क उपासिका उठून उभ्या राहिल्या. त्यांचे सासर चिपळूण तालुक्यातले. माहेर कोयनेच्या खोऱ्यातले, धरणाच्या पाण्याखाली गेलेले. त्या म्हणाल्या, “सर, धरण झालं तेव्हा पुष्कळांचं भलं होणार, असंच सांगितलं होतं. मग आमच्या माहेरची माणसं बहुजनांत नव्हती का?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. त्यांच्या प्रश्नाने पुढे जो विचार करावयास लावला, तो येथे मांडीत आहे. उपयुक्ततावाद आणि बुद्धवचन यांच्यात साम्य कोठे आहे, भेद कोठे आहे आणि नैतिक पेचप्रसंगात त्या भेदाने काय फरक पडतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उपयुक्ततावादाचे बळ

प्रथम उपयुक्ततावादाला न्याय दिला पाहिजे. जेरेमी बेंथॅम (१७४८-१८३२) याने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, कोणतेही कृत्य किंवा कायदा चांगला की वाईट हे त्यापासून निर्माण होणाऱ्या सुखदुःखावरून ठरवावे. सुखाचे मोजमाप करण्यासाठी त्याने तीव्रता, कालावधी, निश्चितता, सामीप्य, त्यातून आणखी सुख निपजण्याची शक्यता, दुःखाची भेसळ नसणे आणि ते किती लोकांपर्यंत पोहोचते, अशा सात कसोट्या सांगितल्या. यानंतर बेरीज-वजाबाकी करावयाची आणि जी बाजू भारी भरेल ती स्वीकारावयाची. पुढे जॉन स्टुअर्ट मिल (१८०६-१८७३) याने सुखासुखांत दर्जाचा भेद असतो हे मान्य करून या मताला अधिक उन्नत रूप दिले.

या मोजणीत राजाचे सुख एक आणि रंकाचे सुखही एकच धरले जाते. ही बाब किरकोळ नाही. ज्या समाजात एकाच अपराधाला वर्णपरत्वे निराळे शासन सांगणारे धर्मशास्त्र प्रमाण मानले जात होते, त्या समाजात प्रत्येक माणूस एक म्हणूनच मोजला जाईल, हे म्हणणे क्रांतिकारकच होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचा मूळ मसुदा मेकॉलेच्या नेतृत्वाखाली तयार झाला आणि त्यावर बेंथॅमच्या विचारांची छाप होती. त्या संहितेत अपराध्याची जात विचारलेली नाही. उपयुक्ततावादाचे हे ऋण आपण विसरता कामा नये.

मराठी वाचकाला या मताची सविस्तर ओळख झाली ती लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तून (१९१५). रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला, आणि त्याच काळात मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत दिवस काढीत होता. ग्रंथाच्या ‘आधिभौतिक सुखवाद’ या चौथ्या प्रकरणात टिळकांनी या सूत्राची चिकित्सा केली आहे. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य होते आणि पांडवांकडे सात. तेव्हा केवळ डोकी मोजून न्याय कोणाच्या बाजूला हे ठरवता येईल काय, असा त्यांचा आक्षेप आहे. टिळकांचे पुढील निष्कर्ष आपल्याला मान्य नसले तरी संख्येविषयीचा हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे.

बाबासाहेबांच्या दोन कसोट्या

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न अधिक मुळाशी जाऊन हाताळला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषण मालेच्या तिसऱ्या खंडात हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानाची चिकित्सा करणारे एक प्रदीर्घ लेखन आहे. तेथे त्यांनी धर्माचे मूल्यमापन करण्यासाठी न्याय आणि उपयुक्तता अशा दोन स्वतंत्र कसोट्या लावल्या आहेत. प्राचीन समाजात समूह हा केंद्रस्थानी होता, म्हणून समूहाला उपयोगी ते योग्य मानले गेले. आधुनिक समाजात व्यक्ती केंद्रस्थानी आली, म्हणून न्याय ही कसोटी ठरली, असे त्यांचे विवेचन आहे. त्यांनी उपयुक्ततेची कसोटी टाकून दिली नाही, परंतु तिच्यात न्यायाला विरघळूही दिले नाही.

हा भेद त्यांना केवळ ग्रंथांतून सुचला असे नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी व त्यांच्या अनुयायांनी पाणी प्राशन केले, तेव्हा त्या दिवसाच्या सुखदुःखाचा हिशेब कोणी मांडला असता तर काय निघाले असते? पाणी प्याल्याचे समाधान काही थोड्यांचे. आणि तळे बाटले म्हणून दुखावलेल्या भावना संपूर्ण गावाच्या, पंचक्रोशीच्या. दुराग्रहातून उपजलेले दुःखही जर बेरजेत दुःख म्हणूनच धरावयाचे असेल, तर सत्याग्रह चुकीचा ठरतो. उपयुक्ततावादी यावर म्हणेल की, दीर्घकाळाचा विचार केला तर अस्पृश्यतेच्या नाशाने एकूण सुख वाढणारच होते. हे खरे आहे. परंतु तहानलेल्या माणसाचा सार्वजनिक पाण्यावरील हक्क भविष्यातील बेरजेवर अवलंबून ठेवणे, म्हणजे ती बेरीज प्रतिकूल निघाली तर तो हक्क नाकारण्यास संमती देणे होय. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा गावातील किती लोकांना वाईट वाटेल हा प्रश्न निर्णायक मानला गेला नाही.

‘बहु’ या शब्दाचा अर्थ

आता मूळ पालि शब्दाकडे वळू. ‘बहुजन’ या समासातील ‘बहु’ हे विशेषण तुलनावाचक नाही. ‘अधिक’ असे म्हणावयाचे असते तर पालीत ‘भिय्यो’ किंवा ‘बहुतर’ हे शब्द होते. ‘बहुजन’ म्हणजे पुष्कळ लोक, लोकसमुदाय. एका बाजूला बहुजन आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी ज्यांनी सोसावे असे अल्पजन, अशी विभागणी त्या वचनात नाही. उलट लगेच पुढे लोकांविषयीच्या अनुकंपेचा आणि देव-मनुष्य अशा सर्वांच्या हिताचा उल्लेख येतो. वचनाचा रोख कक्षा विस्तारण्याकडे आहे.

दुसरी गोष्ट अशी की, तेथे ‘हित’ आणि ‘सुख’ हे दोन शब्द आहेत आणि हित आधी आले आहे. मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्तात एक दृष्टांत आहे. लहान मुलाने तोंडात काटकी किंवा खडा घातला, तर रक्त आले तरी आपण तो बोट घालून काढतो, कारण मुलाविषयी आपल्याला अनुकंपा असते. येथे हितासाठी दुःख देणे मान्य केले आहे. परंतु वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, दुःख ज्या मुलाला होते, हितही त्याच मुलाचे आहे. एका मुलाच्या सुखासाठी दुसऱ्या मुलाचे रक्त काढावे, असे या दृष्टांतातून निघत नाही.

बहुमताने निर्णय घेणे हा प्रकार तत्कालीन संघाला अपरिचित होता, असेही नाही. चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात वाद मिटविण्याचे जे सात उपाय सांगितले आहेत, त्यांतील एकाचे नावच ‘येभुय्यसिका’, म्हणजे बहुमत, असे आहे. त्यासाठी ‘सलाका’ म्हणजे शलाका वाटल्या जात. त्या वाटणारा भिक्खू छंद, द्वेष, मोह आणि भय या चारांपासून मुक्त असावा आणि कोणती शलाका घेतली गेली, कोणती नाही, हे जाणणारा असावा, अशी अट होती. यापुढील तरतूद अधिक लक्षणीय आहे. अधम्मवादी संख्येने जास्त आहेत असे ठाऊक असताना घेतलेले मत विनयाने ग्राह्य मानलेले नाही. आजच्या लोकशाही दृष्टीला ही तरतूद खटकेल, आणि राज्यकारभारात ती जशीच्या तशी आणावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्यातून एक गोष्ट निर्विवादपणे सिद्ध होते. संख्या हे वाद मिटविण्याचे साधन होय, धम्म ठरविण्याचे साधन नव्हे, हे संघाला स्पष्टपणे ठाऊक होते.

रत्नागिरीतील दोन हिशेब

तत्त्वाची परीक्षा प्रत्यक्षात व्हावी म्हणून आपल्याच जिल्ह्याशी निगडित दोन घटना शेजारी ठेवून पाहू.

पहिली घटना खोतीची. कोकणात सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत हा मध्यस्थ होता. गावाचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचा हक्क त्याच्याकडे होता, आणि त्या हक्काच्या बळावर कुळांकडून धान्याचा वाटा, वेठ आणि नाना प्रकारच्या सेवा घेतल्या जात. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले. त्यामुळे ही पद्धत त्यांना परकी नव्हती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक संमत झाले नाही. खोती कायद्याने रद्द झाली ती पुढे १९४९ च्या कायद्याने. येथे थोड्या खोतांचे नुकसान आणि असंख्य कुळांचे हित असा हिशेब होता. उपयुक्ततावादाचे उत्तर स्पष्ट आहे: खोती जावी. आपलेही उत्तर तेच आहे.

दुसरी घटना कोयनेची. धरण सातारा जिल्ह्यात असले तरी त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरते ते चिपळूण तालुक्यात. पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून १९६२ पासून वीज निघू लागली आणि सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटपर्यंत पोहोचली. वीज करून सोडलेले पाणी वाशिष्ठीला मिळते. महाराष्ट्राच्या औद्योगिक वाढीत या विजेचा वाटा मोठा आहे. आपल्या विहारातील दिवाही त्या विजेपासून अलिप्त नाही. या सुखाच्या दुसऱ्या बाजूला शिवसागर जलाशयाखाली गेलेली गावे आणि घाटावर, देशावर, कोकणात ठिकठिकाणी पांगलेली कुटुंबे आहेत. पुनर्वसनासाठी त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलने करावी लागली. येथेही थोड्यांचे नुकसान आणि असंख्यांचे हित असाच हिशेब आहे. उपयुक्ततावादाचे उत्तर पुन्हा तेच येते: धरण व्हावे.

दोन्ही बेरजा सारख्याच दिसतात आणि तरीही आपले मन त्या सारख्या मानावयास तयार होत नाही. याचे कारण केवळ भावनिक नाही. खोताचे जे गेले ते दुसऱ्याच्या श्रमावर असलेले आधिपत्य होते. कुळाचे दुःख त्याच आधिपत्यातून निर्माण झाले होते. ते काढून घेणे म्हणजे इजा थांबविणे होय. कोयनेच्या शेतकऱ्याने कोणाला इजा केली नव्हती. त्याचे जे गेले ते त्याच्या स्वतःच्या जगण्याचा आधार होता. शिवाय, बाबासाहेबांच्या विधेयकात खोतांना त्यांच्या हक्काबद्दल वाजवी भरपाई देण्याची तरतूद होती. ज्याचा अन्याय्य अधिकार काढून घ्यावयाचा त्याचाही माणूस म्हणून विचार तेथे केला होता. आणि कोयनेत? जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा आला तो १९७६ साली, म्हणजे गावे बुडून गेल्यानंतर.

त्या १८९४ च्या कायद्यात नुकसान मोजले जाई ते प्रामुख्याने मालकीचे. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला पैसे. दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर, गावकीच्या कामावर पोट भरणारा, गायरानावर चार शेळ्या राखणारी विधवा, यांचे काय गेले हे मोजण्याचे माप त्या कायद्याकडे नव्हते. त्या उपासिकेच्या माहेरी नावावर जमीन जवळजवळ नव्हतीच. म्हणजे तिची माणसे बेरजेत कमी पडली असे नाही. ती बेरजेत मांडलीच गेली नव्हती. प्रत्येकाला एक मोजण्याचे उपयुक्ततावादाचे वचन येथे उपयुक्ततावादाच्याच नावाने मोडले गेले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आवश्यक केले आणि उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीनांनाही बाधित कुटुंब मानले, हे या दृष्टीने मोठे पाऊल होय.

निग्रोधमृगाचे उत्तर

या पेचाचे अत्यंत मार्मिक चित्रण जातकट्ठकथेतील बाराव्या, निग्रोधमिगजातकात आढळते. ह्युएन त्संगानेही ही कथा सारनाथच्या संदर्भात सांगितली आहे.

वाराणसीच्या राजाला रोज शिकार लागे आणि त्यासाठी प्रजेची कामे खोळंबत. प्रजेने उपाय काढला: राजोद्यानात चारापाण्याची सोय करून हरणांचे दोन कळप आत कोंडले. निग्रोध आणि साख हे त्यांचे दोन सुवर्णवर्णी नायक. रोज एक हरीण मारताना पळापळीत अनेक हरणे जखमी होत. म्हणून दोघा नायकांनी ठरविले की, पाळीपाळीने एकेका हरणाने आपण होऊन वधस्थानी मान ठेवावी. मरणारे एकच, बाकीचे सुरक्षित. उपयुक्ततावादाच्या दृष्टीने या व्यवस्थेत दोष काढणे कठीण आहे.

पुढे साखाच्या कळपातील एका गाभण हरिणीची पाळी आली. प्रसूतीनंतर मी जाईन, आता माझी पाळी पुढे ढकला, अशी तिने विनवणी केली. साखाने नकार दिला. तुझी पाळी मी दुसऱ्यावर कशी लादू, हे त्याचे म्हणणे. साख दुष्ट नाही हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याचे गणित बिनचूक आहे आणि नियम सर्वांना सारखा आहे. हरिणी निग्रोधाकडे गेली. निग्रोधाने तिची पाळी दुसऱ्या कोणाला न देता स्वतः जाऊन मान ठेवली. राजाला हे कळले आणि त्याने दोघांना अभय दिले. तेव्हा निग्रोधाने विचारले, उद्यानातील इतर हरणांचे काय? नंतर उद्यानाबाहेरील हरणांचे, चतुष्पादांचे, पक्ष्यांचे, माशांचे काय? राजाने एकेक करून सर्वांना अभय दिले.

कथा येथे संपत नाही. अभय मिळालेली हरणे शेतकऱ्यांची पिके खाऊ लागली आणि राजा वचनाने बांधलेला असल्यामुळे शेतकरी हतबल झाले. हे कळताच निग्रोधाने कळपाला शेतात शिरण्यास मनाई केली आणि शेतकऱ्यांनी शेताच्या हद्दीवर खूण म्हणून पाने बांधावीत असे ठरले. आपल्या बाजूच्या लाभाची किंमत दुसऱ्या कोणी मोजू नये, याची काळजी बोधिसत्त्वाने अखेरपर्यंत घेतली.

या कथेतून तीन गोष्टी निघतात. एक, साख ‘कोणाचा बळी द्यावा’ असे विचारतो. निग्रोध ‘बळी लागतोच का’ असे विचारतो. दोन, त्याग हा ज्याने त्याने स्वतःच्या वतीने करावयाचा असतो. दुसऱ्याचा त्याग आपण जाहीर करणे याला त्याग म्हणत नाहीत. तीन, एक पेच सुटल्यावर त्यातून निर्माण होणाऱ्या दुसऱ्या दुःखाची जबाबदारीही सोडविणाऱ्यावर राहते.

पेचप्रसंगी विचारावयाचे प्रश्न

बुद्धविचार परिणामांकडे दुर्लक्ष करतो असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय युद्धास सज्ज झाले तेव्हा, पाण्याचे मोल जास्त की माणसांच्या रक्ताचे, असा प्रश्न भगवंतांनी केला, हे धम्मपदाच्या अट्ठकथेत आले आहे. अम्बलट्ठिकराहुलोवादसुत्तात तर राहुलाला आरशाचा दृष्टांत देऊन सांगितले आहे की, काया, वाचा, मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पारखून पाहावे: याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय? ही परिणामांचीच चिकित्सा आहे. मात्र एकाच्या पीडेतून दुसऱ्याचे सुख वजा करून जमेची बाजू काढावी, असे त्या सुत्तात कोठेही म्हटलेले नाही. शिवाय केल्यानंतर पीडाकारक ठरलेले कर्म शास्त्यापुढे किंवा सुज्ञ सब्रह्मचाऱ्यांपुढे उघड करावे आणि पुढे संयम पाळावा, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे निर्णय झाल्यावर हिशेबाची वही मिटत नाही.

या आधारावर कोणत्याही सार्वजनिक पेचात चार प्रश्न क्रमाने विचारता येतील. मोजणीत कोण सुटले आहे? ज्याला सोसावे लागणार त्याची संमती खरोखर घेतली आहे काय, की ती गृहीत धरली आहे? ज्याचे जाणार आहे ते दुसऱ्यावरील आधिपत्य आहे की स्वतःच्या जगण्याचा आधार? आणि बळी न घेता तेच हित साधण्याचा मार्ग शोधून पाहिला आहे काय? या चारांची प्रामाणिक उत्तरे मिळाल्यावरच बेरजेला बसावे.

आजचे उदाहरण समोर आहे. राजापूर तालुक्यातील माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आदी गावांच्या परिसरात ९,९०० मेगावॉट क्षमतेचा जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प नियोजित आहे आणि त्यासाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. विजेची गरज खरी आहे; कोळशाच्या धुराने होणारी हानीही खरी आहे. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे आंदोलनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मरण पावला, हेही खरे आहे. साखरीनाट्याच्या मच्छीमारांची शेते सातबाऱ्यावर नव्हती. त्यांचे शेत समुद्र. जमिनीच्या मोजणीत समुद्र येत नाही. प्रकल्प व्हावा की होऊ नये याचा निवाडा देणे हे पालीच्या अभ्यासकाचे काम नव्हे. परंतु वरील पहिला प्रश्न त्या किनाऱ्यावर उभे राहून विचारला पाहिजे, एवढे त्याने सांगावे.

संख्या केव्हा मोजावी

काही प्रसंगी संख्या मोजण्यावाचून गत्यंतर नसते, हेही मान्य केले पाहिजे. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत खाटा थोड्या आणि रुग्ण अधिक अशी स्थिती अनेक ठिकाणी आली. प्राणवायू कोणाला आधी द्यावा हे डॉक्टरांना ठरवावे लागले. जास्तीत जास्त जीव वाचावेत असा विचार तेथे दोषास्पद नाही. ज्याला वाचविता आले नाही त्याचा कोणी साधन म्हणून वापर केला नव्हता. टंचाई डॉक्टरांनी निर्माण केलेली नव्हती. मात्र धडधाकट माणसाचे अवयव काढून पाच रुग्ण वाचवावेत काय, असे विचारले तर तोच डॉक्टर नकार देईल. फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीने १९६७ साली ट्रॉलीगाडीचा प्रसिद्ध दृष्टांत मांडल्यापासून पाश्चात्त्य नीतिशास्त्र याच भेदाभोवती विचार करीत आहे.

महायान परंपरेतील उपायकौशल्यसूत्रात पाचशे व्यापाऱ्यांना मारू पाहणाऱ्या दरोडेखोराला ठार करणाऱ्या नौकानायकाची कथा आहे. उपयुक्ततावादाच्या समर्थनार्थ ती बऱ्याचदा पुढे केली जाते. थेरवादी अभिधम्माला ती मान्य होणे कठीण, कारण त्याच्या मते प्राणघाताच्या चेतनेत द्वेषमूलक चित्त असतेच. पण ती कथा मान्य केली तरी त्या नायकाने नरकाचे दुःख स्वतः भोगण्याची तयारी ठेवली होती, हे विसरून चालणार नाही. निग्रोधमृगाप्रमाणेच येथेही निर्णय ज्याने घेतला, किंमत त्यानेच शिरावर घेतली. विस्थापितांच्या बाबतीत निर्णय घेणारे आणि किंमत मोजणारे वेगवेगळे होते.

पुढच्या वर्षावासात त्या उपासिका पुन्हा ग्रंथवाचनाला आल्या. मी त्यांना सर्वांसमक्ष सांगितले की, गेल्या वर्षी मी सांगितलेला अर्थ चुकीचा होता. तुमच्या माहेरची माणसे बहुजनांतच होती. त्यांना वगळून जे झाले त्यातून कितीही घरांत दिवे लागले असले तरी त्याला ‘बहुजनहित’ हे नाव पुरते लागू होत नाही, आणि जे राहून गेले ते त्यांना देणे अजून बाकी आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “देणं आहे एवढं तरी कोणी म्हटलं.” त्यानंतर आम्ही निग्रोधमिगजातक वाचावयास घेतले.